नाव लिहिणारा यंत्रमानव : विज्ञान प्रदर्शनातील एक खेळणे आणि त्यामागील विचार

नागपूर शहराला विज्ञान प्रदर्शनांची चांगली परंपरा आहे. नोबेल पारितोषिक विजेते सर चंद्रशेखर वेंकट रामन हे तरुणपणी अर्थखात्यातील अधिकारी म्हणून काही काळ या शहरात नोकरीस होते. त्यांच्या नावाचे रामन विज्ञान केंद्र गांधीसागर तलावाजवळ १९९२ पासून उभे आहे. महानगरपालिकेच्या शाळांतील मुलेमुली घरगुती वस्तूंमधून विज्ञानाचे प्रयोग करून दाखवतात, तो 'अपूर्व विज्ञान मेळावा' नागपूरकरांच्या परिचयाचा आहे. जानेवारी २०२३ मध्ये १०८ वी भारतीय विज्ञान काँग्रेस राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या परिसरात भरली होती. शिवाय २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन जवळ आला की शहरातील अनेक शाळा-महाविद्यालयांची सभागृहे प्रदर्शनांनी गजबजतात.

अशा प्रदर्शनांत अलीकडे एक यंत्र बालगोपाळांचे विशेष आकर्षण ठरते. टेबलावर एक छोटा यंत्रमानव असतो. मुलाने आपले नाव सांगावे, स्वयंसेवकाने ते संगणकावर टंकित करावे आणि यंत्राने हातातील पेनने ते कागदावर लिहून द्यावे, एवढाच त्याचा खेळ. ते कागद मुले जपून घरी नेतात. हे यंत्र कसे चालते, ते आपल्या लिपीत लिहू लागण्यासाठी काय करावे लागते आणि ख्रिस्ती दृष्टीने या साध्या खेळण्याकडे कसे पाहावे, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

अर्धवट राहिलेले नाव

आरंभी एक लहानसा प्रसंग सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही असेच एक प्रदर्शन पाहण्यास गेलो होतो. नाव लिहिणाऱ्या यंत्रापुढे मोठी रांग होती. मराठी शाळेत शिकणारी एक मुलगी आजीचा हात धरून उभी होती. तिची पाळी आली. तिने नाव सांगितले, 'ज्ञानेश्वरी'. यंत्र रोमन लिपीत लिहिणारे होते आणि त्यात दहाच अक्षरांची सोय होती. रोमन लिपीत या नावाला बारा अक्षरे लागतात. दहा अक्षरे झाल्यावर यंत्राने पेन उचलले आणि शेवटचा 'री' कागदावर उतरलाच नाही.

"दादा, माझं नाव पूर्ण नाही आलं," ती म्हणाली.

"अगं, यात एवढीच अक्षरं बसतात," यंत्राजवळचा विद्यार्थी प्रामाणिकपणे उत्तरला. त्याच्या मागे अजून तीस-चाळीस मुले उभी होती. आजीने कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि दोघी पुढच्या टेबलाकडे गेल्या.

यात कोणाचा दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. त्या विद्यार्थ्यांनी फावल्या वेळात, पदरचे पैसे घालून ते यंत्र बनविले होते. परंतु तो प्रसंग आमच्या मनातून गेला नाही. देवनागरीत 'ज्ञानेश्वरी' हे नाव अवघ्या चार अक्षरांचे आहे: ज्ञा, ने, श्व, री. ज्या लिपीत ते सहज मावले असते, ती लिपी यंत्राला कोणी शिकविली नव्हती.

अडीचशे वर्षांची पूर्वपीठिका

लिहिणारे यंत्र ही कल्पना नवी नाही. स्वित्झर्लंडमधील घड्याळजी पिएर जाके-द्रो यांनी आपला पुत्र आंरी-लुई आणि सहकारी जाँ-फ्रेदेरिक लेशो यांच्या साहाय्याने १७७४ मध्ये 'लेखक' नावाचा एक यांत्रिक बालक तयार केला. तो मेजाशी बसून पिसाची लेखणी दौतीत बुडवितो, झटकतो आणि चाळीस अक्षरांपर्यंतचा मजकूर लिहितो. त्याच्या पोटात सुमारे सहा हजार सुटे भाग आहेत. एका चक्रावरील तुकडे बदलले की मजकूर बदलतो. हा बालक आजही नोशातेल येथील संग्रहालयात आहे.

दुसरी कथा अधिक बोलकी आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील फ्रँकलिन संस्थेला १९२८ मध्ये एक मोडके यंत्र देणगीदाखल मिळाले. ते कोणी बनविले हे निश्चित ठाऊक नव्हते. कारागिरांनी ते दुरुस्त केले. यंत्र चालू होऊन चित्रे आणि कविता लिहू लागले आणि एका कवितेच्या कडेला त्याने फ्रेंच भाषेत नोंद केली की, हे मेलार्दे यांच्या यंत्राने लिहिले आहे. आंरी मेलार्दे या स्विस कारागिराने सुमारे १८०० साली ते घडविले होते. विस्मृतीत गेलेल्या निर्मात्याचे नाव त्याच्याच यंत्राने जगाला सांगितले.

विसाव्या शतकात या कल्पनेने शाळेत प्रवेश केला. सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्या आज्ञेवर चालणारे व पेनने रेघ ओढणारे 'कासव' आले. मुलाने संगणकाच्या आज्ञेत राहू नये, संगणकाला आज्ञा देण्यास शिकावे, असा पॅपर्ट यांचा आग्रह होता. आजचे नाव लिहिणारे यंत्र हे त्याच कासवाचे भावंड आहे.

यंत्र कसे चालते?

पूर्वी असे यंत्र बनविणे हे निष्णात घड्याळजीचे काम होते. आज ते महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या, एवढेच नव्हे तर नववी-दहावीच्या मुलांच्या आवाक्यात आले आहे. याला एक कारण म्हणजे 'आर्डुइनो' हे छोटे नियंत्रक फलक. इटलीतील इव्रेआ येथे २००५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी ते प्रथम तयार झाले. त्याची रचना सर्वांना खुली असल्याने ते स्वस्तात मिळते. दुसरे कारण म्हणजे शाळांमध्ये आलेल्या प्रयोगशाळा. केंद्र शासनाच्या अटल इनोव्हेशन मिशनअंतर्गत देशातील हजारो शाळांत 'अटल टिंकरिंग लॅब' सुरू झाल्या असून त्यांत असे फलक, मोटारी आणि अवजारे मुलांना हाताळावयास मिळतात.

नाव लिहिणाऱ्या यंत्राचे अनेक प्रकार आहेत. समजण्यास सर्वांत सोपा प्रकार दोन दोऱ्यांचा. एका उभ्या फळीच्या वरच्या दोन कोपऱ्यांत दोन मोटारी बसवितात. प्रत्येक मोटारीच्या रिळावर दोरा गुंडाळलेला असतो. दोन्ही दोऱ्यांची टोके मध्ये लोंबणाऱ्या पेनाला बांधतात. डावा दोरा सैल सोडला आणि उजवा ओढला की पेन उजवीकडे सरकते. दोन्ही ओढले की ते वर जाते. पेन कागदावर टेकविणे व उचलणे हे काम तिसरी छोटी मोटार करते.

येथे शाळेतील पायथागोरसचा सिद्धांत उपयोगी पडतो. समजा, दोन मोटारींमधील अंतर ६० सेंटिमीटर आहे आणि पेन बरोबर मध्यभागी, मोटारींच्या पातळीपासून ४० सेंटिमीटर खाली आहे. काटकोन त्रिकोणाच्या बाजू ३० आणि ४० झाल्या, म्हणजे कर्ण ५०. प्रत्येक दोरा ५० सेंटिमीटर लांब हवा. आता पेन १ सेंटिमीटर उजवीकडे न्यावयाचे असेल तर डावा दोरा सुमारे ६ मिलिमीटर सोडावा लागतो आणि उजवा जवळजवळ तेवढाच ओढावा लागतो. अशा यंत्रात वापरली जाणारी लहान स्टेपर मोटार एका फेऱ्यात सुमारे २०४८ सूक्ष्म पावले टाकते. रिळाचा घेर ४० मिलिमीटर असेल तर एका पावलाने दोरा केवळ ०.०२ मिलिमीटर हलतो. ६ मिलिमीटरसाठी साधारण ३०० पावले लागतील. हा हिशेब फलक क्षणोक्षणी करीत असतो.

यात एक गंमत आहे. पेन याच ठिकाणाहून १० सेंटिमीटर उजवीकडे न्यावयाचे असल्यास डावा दोरा ५६.६ आणि उजवा ४४.७ सेंटिमीटर व्हावा लागतो. आरंभीची लांबी आणि शेवटची लांबी काढून मोटारी एकसारख्या वेगाने फिरविल्या तर पेन योग्य ठिकाणी पोहोचते खरे, पण वाटेत ते मध्यभागी सुमारे २ मिलिमीटर खाली झुकते. सरळ रेघेऐवजी झोळ आलेली रेघ मिळते. म्हणून लांब रेघेचे एकेक मिलिमीटरचे तुकडे पाडावे लागतात आणि प्रत्येक तुकड्याचा हिशेब नव्याने करावा लागतो. रोमन लिपीत एवढी लांब आडवी रेघ क्वचितच येते. आपल्या लिपीत मात्र प्रत्येक शब्दाच्या माथ्यावर ती असते. शिरोरेषा ही अशा यंत्राची खरी परीक्षा होय.

यंत्राला देवनागरी शिकविताना

देवनागरीत लिहिणारे यंत्र बनविताना पुढे तीन अडचणी येतात. त्या समजून घेतल्या तर त्यांवर मात करणे कठीण नाही.

पहिली अडचण अक्षरांच्या आकाराची. संगणकातील बहुतेक अक्षरसंच हे अक्षरांच्या कडांचे बनलेले असतात. ते छपाईसाठी ठीक आहेत, परंतु पेनाने ते काढू लागल्यास प्रत्येक अक्षर आतून पोकळ दिसते. पेनाला अक्षराची एकेरी वाट हवी असते. रोमन लिपीसाठी असे एकेरी रेषांचे संच १९६० च्या दशकापासून उपलब्ध आहेत. मराठीसाठी ते काम स्वतःच करणे इष्ट. आलेखाच्या कागदावर अक्षर काढावे, पेनाच्या वाटेवरील बिंदू क्रमाने मांडावेत आणि त्यांची यादी संगणकाला द्यावी. कोठे पेन उचलावयाचे तेही नोंदवावे. स्वर, व्यंजने, काना-मात्रा, अर्धी अक्षरे आणि क्ष, ज्ञ, श्र, त्र यांसारखी जोडाक्षरे मिळून शंभराच्या आसपास आकारांत बहुतेक नावे लिहिता येतील. एका वर्गातील मुलांनी अक्षरे वाटून घेतली तर हे काम काही दिवसांचे आहे. अक्षरांचे वळण कसे असावे याबाबत शंका आल्यास महाराष्ट्र शासनाने प्रमाणभूत मराठी देवनागरीसंबंधी काढलेला अद्ययावत शासन निर्णय पाहावा.

दुसरी अडचण क्रमाची. संगणक अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवितो, आपण ती दिसण्याच्या क्रमाने लिहितो. 'निकिता' हे नाव संगणकात 'न' नंतर ऱ्हस्व वेलांटी, 'क' नंतर ऱ्हस्व वेलांटी असे साठविले जाते. कागदावर मात्र वेलांटीचा दांडा अक्षराच्या आधी येतो. 'क्षितिजा' मध्ये तर तो संपूर्ण जोडाक्षराच्या आधी यावा लागतो. याउलट 'मार्था' या नावातील 'र' संगणकात 'थ' च्या आधी असतो, पण त्याचा रफार 'था' च्या कान्यावर जाऊन बसतो. 'जॉर्ज' मध्ये अर्धचंद्र आणि रफार दोन्ही आहेत. 'ॲग्नेस' आणि 'ॲन्थनी' यांतील 'ॲ' या अक्षराला संगणकाच्या युनिकोड प्रणालीत स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यामुळे जुन्या पद्धतीने 'अ' आणि अर्धचंद्र जोडून टंकित केलेले नावही यंत्राला ओळखता आले पाहिजे. आपल्या धर्मग्रामांतील मुलांची नावे पाहता हे तिन्ही प्रकार आपणास वारंवार लागतील.

'ज्ञानेश्वरी' या नावासाठी संगणकात अकरा चिन्हे साठविली जातात आणि कागदावर चार अक्षरे उमटतात. अकराची चार कशी होतात हे ज्या विद्यार्थ्याने यंत्राला समजावून दिले, त्याला आपल्या लिपीची रचना आयुष्यभर विसरता येणार नाही. व्याकरणाच्या पुस्तकातील जोडाक्षराचा धडा आणि संगणकाची आज्ञावली येथे एकत्र येतात.

तिसरी अडचण शिरोरेषेची. शाळेत आपल्याला आधी अक्षर आणि मग रेघ असे शिकविलेले असते. यंत्रानेही तसेच करावे. सर्व अक्षरे लिहून झाल्यावर नावाची एकूण लांबी यंत्राला ठाऊक झालेली असते. मग एकाच ओघात पूर्ण शिरोरेषा ओढावी. प्रत्येक अक्षरावर तुकड्या-तुकड्यांनी रेघ दिली तर सांधे दिसतात. आणि नाव लांब असल्यास ते तोडू नये, सर्व अक्षरे प्रमाणात लहान करावीत. कोणाचेही नाव अर्धवट राहता कामा नये, हा नियम यंत्राच्या आज्ञावलीत सर्वांत आधी लिहावा.

प्रदर्शनाच्या दिवशी

यंत्र घरी उत्तम चालते आणि प्रदर्शनात हट्टाला पेटते, हा सर्वांचाच अनुभव असतो. म्हणून काही गोष्टी आधीच ठरवाव्यात. पेन उघडे राहिले की शाई वाळते, म्हणून दोन नावांच्या मध्ये त्याला टोपण घालावे आणि जवळ दोन-तीन जादा पेने ठेवावीत. वीज गेल्यास काही काळ चालेल अशी बॅटरी असावी. एका नावाला दोन मिनिटे लागली तर तासाभरात तीसच मुलांचे काम होते. तेव्हा रांगेतील मुलांना चिठ्ठ्या द्याव्यात व वाट पाहताना त्यांना यंत्राचे भाग दाखवावेत.

त्या चिठ्ठीवर मुलाने आपले नाव स्वतःच्या हाताने लिहावे, अशी आमची विशेष सूचना आहे. 'श्रद्धा', 'ऋतुजा', 'हृषीकेश' अशी नावे ऐकून टंकित करताना चुका होतात. मुलाने लिहिले तसेच यंत्राने लिहावे. ज्यांना बोलता किंवा ऐकता येत नाही अशा मुलांनाही त्यामुळे कोणाच्या मध्यस्थीची गरज राहत नाही. ज्याला अजून लिहिता येत नाही त्याला आईवडिलांनी किंवा ताई-दादाने मदत करावी. टंकित केलेले नाव मुलाला पडद्यावर दाखवावे, त्याने मान हलविली की मगच यंत्र सुरू करावे. प्रदर्शन संपल्यावर संगणकातील नावांची यादी पुसून टाकावी. मुलांची नावे ही आपल्याकडे विश्वासाने दिलेली ठेव आहे.

नावाचे मोल

एवढा खटाटोप एका नावासाठी कशाला, असे कोणी विचारील. पवित्र शास्त्राचा वाचक असे विचारणार नाही. स्नानसंस्काराच्या विधीत धर्मगुरू आईवडिलांना पहिला प्रश्न विचारतात तो बाळाच्या नावाचा. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात परमेश्वर आपल्या प्रजेला नावाने हाक मारतो. योहानाच्या शुभवर्तमानातील उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना एकेक करून नावाने ओळखतो. आणि संत लूकच्या शुभवर्तमानातील जखऱ्याची कथा तर आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. त्याची वाचा बंद झाली होती. नातेवाईक बाळाला बापाचेच नाव देऊ पाहत होते. त्याने पाटी मागवून घेतली आणि तीवर 'योहान' हे नाव लिहिले. त्यानंतर त्याची वाचा मोकळी झाली. नाव नेमके लिहिले जाणे ही क्षुल्लक बाब नव्हे.

नागपूर महाधर्मप्रांताला हा विषय आणखी एका कारणाने जिव्हाळ्याचा वाटावा. आपले कॅथेड्रल ज्यांच्या नावाने आहे ते संत फ्रान्सिस डी सेल्स (१५६७–१६२२) हे लेखक आणि पत्रकारांचे आश्रयदाते संत आहेत. पोप अकरावे पायस यांनी १९२३ मध्ये त्यांना हा मान दिला. लोक प्रवचनाला येईनात तेव्हा या संतांनी हाताने पत्रके लिहून ती घरोघरी पोहोचविली. मार्टिन नावाच्या एका मूकबधिर तरुणाला त्यांनी स्वतः खुणांची भाषा तयार करून श्रद्धेची शिकवण दिली आणि त्याला ख्रिस्तप्रसाद घेण्यास सिद्ध केले. समोरच्या माणसाला समजेल त्याच भाषेत बोलावे, हा त्यांचा मार्ग होता. मराठी मुलाचे नाव मराठी अक्षरांत लिहिणारे यंत्र त्याच मार्गावरचे एक लहान पाऊल आहे.

आजच्या काळात यंत्रे लिहितात, बोलतात, चित्रेही काढतात. आपल्या नाव लिहिणाऱ्या यंत्रात कृत्रिम बुद्धिमत्ता नाही. ते केवळ दिलेल्या बिंदूंवरून चालते. तरीही मुले त्याला "तुला माझे नाव कसे कळले?" असे विचारतात. या प्रश्नाचे खरे उत्तर त्यांना दिले पाहिजे. व्हॅटिकनने २८ जानेवारी २०२५ रोजी प्रसिद्ध केलेल्या 'अँटिक्वा एत नोव्हा' या टिपणात म्हटले आहे की, कृत्रिम बुद्धिमत्ता हे मानवी बुद्धीचे दुसरे रूप नसून तिचे अपत्य आहे, असे समजावे. मेलार्दे यांच्या यंत्राने आपल्या निर्मात्याचे नाव सांगितले, तसे आपणही मुलांना यंत्राचे झाकण उघडून दाखवावे आणि सांगावे, "यातले 'ज्ञ' अक्षर आपल्या शाळेतल्या एका ताईने बसविले आहे. यंत्राला तुझे नाव ठाऊक नाही. ते तू सांगितलेस, आम्ही ऐकले आणि यंत्राने लिहिले."

आपल्या महाधर्मप्रांतातील शाळांत, तसेच धर्मग्रामांतील युवक-युवतींमध्ये हे काम करू शकतील असे अनेक जण आहेत. संगणक जाणणारे आहेत, सुतारकाम जाणणारे आहेत, सुंदर हस्ताक्षराचे शिक्षक-शिक्षिका आहेत. या सर्वांनी एकत्र येऊन येत्या विज्ञान दिनाला किंवा धर्मग्रामाच्या सणाच्या दिवशी देवनागरीत लिहिणारे एक तरी यंत्र उभे करावे, अशी आमची विनंती आहे. त्याच्यापुढे सर्व धर्मांची, सर्व शाळांची मुले रांगेत उभी राहोत. आणि त्या रांगेत एखादी ज्ञानेश्वरी आलीच, तर तिचे नाव शेवटच्या 'री' सह, वर अखंड शिरोरेषा देऊन तिच्या हाती पडो.